सुहैलीची डागडुजी

सुहैलीला पाणी येतं. तिची ओळख करून द्यायची तर इथूनच सुरुवात करायला हवी. ३२ फूट लांबीची, सागवानी, दोन डोलकाठ्यांची ही नाव १४ जून १९६८ रोजी इंग्लंडमधल्या फाल्मथ बंदरातून निघाली आणि कुठेही न थांबता, एकट्या माणसाला घेऊन पृथ्वीला वळसा घालून २२ एप्रिल १९६९ रोजी त्याच बंदरात परत आली. असं आधी कुणी केलं नव्हतं. त्या ३१२ दिवसांत पहिल्या काही आठवड्यांपासूनच तिच्या तळातून पाणी आत झिरपत होतं. तिच्यावरच्या खलाशाबद्दल, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्याबद्दल, पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि ते योग्यच आहे. मला मात्र तिच्याबद्दल लिहायचं आहे: तिचे सांधे, तिचे बोल्ट, तिच्या तारा, आणि साठ वर्षं त्यांच्यावरून फिरत राहिलेले हात.

ती मुंबईची आहे. १९६३ साली कुलाब्याच्या एका वर्कशॉपमध्ये तिचा कणा मांडला गेला. नॉक्स-जॉन्स्टन तेव्हा ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटींवर अधिकारी होते, वय चोवीसच्या आसपास. त्यांनी इंग्लंडमधल्या पूल गावच्या एका कंपनीकडून नावेचे आराखडे मागवले होते. आले ते मात्र भलत्याच नावेचे. अमेरिकेच्या विल्यम ॲटकिन यांनी १९२४ च्या सुमारास आखलेल्या ‘एरिक’ नावाच्या जुन्या धाटणीच्या बोटीचे ते कागद होते. पुन्हा पत्रव्यवहार करायला वेळ नव्हता, पैसाही बेताचाच होता. म्हणून मग हीच बांधू, असं ठरलं. एरिकचं मूळ आणखी मागे जातं, नॉर्वेच्या कॉलिन आर्चर यांच्या बचाव-नौकांपर्यंत. उत्तर समुद्रातल्या हिवाळी वादळात कोळ्यांच्या होड्यांना सोडवून आणण्यासाठी त्या नावा आखलेल्या होत्या. वेगाचा विचार त्यांत दुय्यम होता. वादळात बाहेर पडायचं आणि परत यायचं, हे काम पहिलं. चुकून आलेल्या त्या कागदांनी सुहैलीचा स्वभाव ठरवून टाकला.

मुंबईच्या सुतारांनी तिला हाताने घडवलं. वाकसाने तासलं, दोरीच्या धनुकलीने फिरणाऱ्या सामत्याने भोकं पाडली, करवतीने फळ्या कापल्या. विजेची हत्यारं नव्हती. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जी वस्तू वाकस, सामता आणि हातोडा एवढ्यावर तयार होते, ती पुढे तेवढ्यावरच दुरुस्तही होते. तिच्यात असं काही नसतं जे उघडायला कारखाना लागेल. समुद्राच्या मध्यावर एकट्या माणसाकडे जी हत्यारं असू शकतात तीच तिच्या जन्माची हत्यारं होती, आणि पुढे हे तिच्या कामी आलं. डिसेंबर १९६४ मध्ये नारळ फोडून तिला पाण्यात सोडण्यात आलं. नाव ठेवलं सुहैली. इराणच्या आखातात आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला अरब खलाशी या नावाने ओळखतात.

सागाची निवडही मुंबईचीच. या शहराने सागाची जहाजं बांधून जगाला दिलेली आहेत. जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी इथे बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही लढाऊ नौका १८१७ साली पाण्यात उतरली आणि आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. सागाच्या अंगात तेल असतं. त्यामुळे तो पाण्याने फारसा फुगत-आकसत नाही, त्याला कीड सहज लागत नाही, आणि त्यात ठोकलेलं लोखंड बराच काळ टिकतं. इंग्लंडच्या ओकमध्ये हे जमत नाही. ओकच्या आतलं आम्ल लोखंडाला खातं. म्हणून आपल्याकडचे कारागीर सागात लोखंडी खिळे आणि बोल्ट निःशंकपणे वापरत. सुहैलीच्या फळ्याही लोखंडानेच जोडलेल्या होत्या. तो निर्णय चुकीचा नव्हता. फक्त त्याची मुदत पन्नास वर्षांची होती, आणि सुहैली त्याहून जास्त जगली.

दिसायला ती ठेंगणी, रुंद, भरल्या अंगाची. रुंदी ११ फूट, म्हणजे लांबीच्या एक तृतीयांश. दोन्ही टोकं निमुळती, त्यामुळे मागून आलेली लाट तिच्यावर आदळत नाही, दुभंगून दोन बाजूंनी पुढे जाते. तळाशी नाळेपासून सुकाणूपर्यंत धावणारी लांब कील. कोकणातले होडी बांधणारे जिला पठाण म्हणतात तीच ही कील, पण इथे ती खूप खोल उतरलेली आणि खाली वजन बांधलेली. सुकाणू त्या कीलच्याच शेवटाला टांगलेलं. आजच्या शर्यतीच्या नावांची कील म्हणजे पोटाखाली लावलेलं एक अरुंद पातं असतं. त्या नावा क्षणात वळतात, झरझर पळतात. सुहैली सावकाश वळते. सावकाशच पळते. ३० हजार १२३ मैलांच्या त्या प्रदक्षिणेचा तिचा सरासरी वेग काढला तर तो ताशी चार मैलांच्या आसपास येतो. पण एकदा दिशा धरली की ती सोडायला तयार होत नाही. हा तिचा सर्वांत मोठा गुण, आणि त्याची किंमत तिच्याच त्या लांब कीलच्या सांध्याने मोजली.

ती कशी, हे समजून घ्यायला हवं. शिडाच्या नावेत डोलकाठी आणि कील या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं पाहणाऱ्याला वाटतं. एक आकाशात, दुसरी पाण्याखाली. प्रत्यक्षात त्यांची एकच ताणाताणी सतत चालू असते. डोलकाठीला उभं ठेवणाऱ्या तारा दोन्ही बाजूंच्या फळ्यांना वर ओढतात. तारांच्या त्या ताणाची एकत्र बेरीज होऊन डोलकाठी खाली दाबली जाते आणि तिचा बुंधा कीलवर बसतो. म्हणजे बाजू वर, कणा खाली. नावेचं सगळं शरीर या दोन ओढींच्या मध्ये असतं. त्यात भर म्हणून वाऱ्याने नाव कलली की एका बाजूच्या तारा ताठ होतात, दुसऱ्या सैल पडतात. दुसऱ्या लाटेला उलटं. हे लाखो वेळा होतं. लाकडी नावेत हा ताण सर्वांत आधी जाणवतो तो कीलला लागून असलेल्या पहिल्या फळीच्या सांध्यात. तिथे फळी आणि कणा यांची गाठ असते, तिथे ती उघडते, मिटते, उघडते. म्हणून कुणी मला सांगितलं की जुन्या लाकडी नावेच्या तारा बदलून जाड आणि जास्त ताठ तारा लावल्या, तर माझा पहिला प्रश्न असतो, खाली कीलच्या सांध्याकडे पाहिलं का? वर ताकद वाढवली की ती खाली कुणाला तरी सोसावी लागते.

सुहैलीचा तो सांधा अटलांटिकमध्ये उघडला.

१९६८ चा तो प्रवास म्हणजे एकट्याने, कुठेही न थांबता जगाला वळसा घालायची ‘गोल्डन ग्लोब’ शर्यत होती, आणि ती सुरू होऊन काही आठवडे झाले होते. दिवसातून दोनदा पंप मारावा लागत होता. हे प्रमाण पुढच्या दक्षिण महासागरासाठी जास्त होतं. कुठून येतं ते पाहायला नॉक्स-जॉन्स्टन पाण्यात उतरले. कीलच्या वरचा सांधा दोन्ही बाजूंनी साधारण आठ फूट लांबीत फाकला होता, आणि नाव डुलली की ती फट रुंद होत होती, मग पुन्हा अरुंद. मोठी भीती वेगळीच होती. बरगड्यांना कीलशी जोडणारे आतले आडवे लाकडी तुकडे सुटत असले, तर नावेचा सांगाडाच खिळखिळा झाला असता आणि परत फिरण्याखेरीज मार्ग नव्हता. त्यांनी आत येऊन ते तुकडे तपासले. ते जागेवर घट्ट होते. म्हणजे हाडं शाबूत आहेत, फक्त सांध्यातला कापूस गेला आहे.

लाकडी नावेच्या दोन फळ्यांमधल्या फटीत कापसाचा पीळ ठोकून बसवतात आणि वरून लुकण भरतात. हे काम नाव किनाऱ्यावर ओढून, लाकूड सुकवून, उजेडात, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून करायचं असतं. इथे पाण्याखाली पाच फूट, श्वास रोखून, डुलणाऱ्या नावेखाली करायचं होतं. हातोडा दोरीला बांधून आधीच खाली सोडून ठेवला. अंगात गडद निळा शर्ट आणि जीन्स घातली, कारण पांढरं अंग शार्कच्या नजरेत भरतं. पहिल्या प्रयत्नात कापूस सांध्यात घालायचा, पण तो पक्का बसायच्या आत श्वास संपायचा; वर येऊन परत खाली जाईपर्यंत कापूस बाहेर आलेला असायचा. अर्धा तास असा गेला.

मग त्यांनी जे केलं ते मला या सबंध प्रवासातलं सर्वांत सुंदर काम वाटतं. केप हॉर्नपेक्षाही. डेकवर बसून कॅनव्हासची सुमारे सात फूट लांब, दीड इंच रुंद पट्टी कापली. कापूस त्या पट्टीवर शिवून टाकला. पट्टीला डांबर माखलं. दर सहा इंचांवर तांब्याची चूक पट्टीतून आधीच टोचून ठेवली. म्हणजे पाण्याखाली आता तीन हातांचं काम उरलं नाही. पट्टी सांध्यावर धरायची आणि एकेक चूक ठोकायची, एवढंच. प्रत्येक श्वासात जमतील तेवढे घाव. कोरड्यावर करायचं सगळं काम त्यांनी कोरड्यावर आणलं आणि पाण्याला फक्त शेवटची पायरी ठेवली. ज्यांनी कधी अवघड जागी दुरुस्ती केली आहे त्यांना या विचाराची किंमत कळेल. पट्टी बसली. पण तिच्या कडा पुढे लाटांनी उचकटल्या जातील, म्हणून वरून पत्रा हवा होता. मार्कोनी कंपनीचे लोक रेडिओ बसवून गेले तेव्हा तांब्याची एक पट्टी मागे राहिली होती. तीच कापून कॅनव्हासवर ठोकली.

एक बाजू झाल्यावर ते वर येऊन कॉफी पीत बसले, तेव्हा शार्क दिसला. तो नावेभोवती घिरट्या घालू लागला. बराच वेळ वाट पाहूनही जाईना, तेव्हा पाण्यात कागदाचे तुकडे टाकून त्याला वर बोलावलं आणि बंदुकीने मारला. दुसरे येतात का हे पाहायला आणखी थोडा वेळ थांबून ते पुन्हा पाण्यात गेले. दुसऱ्या बाजूचं काम नंतर झालं. पाणी येणं जवळजवळ थांबलं.

जवळजवळ, हा शब्द इथे नीट ऐकावा. पूर्ण थांबलं नाही, आणि तशी गरजही नव्हती. चांगली दुरुस्ती नावेला नवी करत नाही. पुढचा टप्पा गाठून देते.

पुढच्या टप्प्यावर बरंच काही मोडलं. केप ऑफ गुड होपच्या पुढे एका लाटेने सुहैलीला आडवं पाडलं, तेव्हा केबिनचं सगळं छत आपल्या जागेवरून हललं आणि कडेने पाणी आत येऊ लागलं. त्यांनी ते बोल्टने पुन्हा आवळलं. गोड्या पाण्याच्या टाक्या नासल्या. रेडिओ गेला. मुख्य शिडाची आडवी काठी डोलकाठीला जिथे बिजागरीने जोडलेली असते ती बिजागरी तुटली. तीही हातानेच दुरुस्त झाली. चार्जिंग इंजिनच्या मॅग्नेटोचं अंतर मोजायचं माप हरवलं होतं, तर पुस्तकाची पानं मोजून एका पानाची जाडी काढली आणि त्यावरून माप तयार केलं. दोनशे पानांना एक इंच.

वाऱ्यावर आपोआप सुकाणू धरणारं यंत्र ऑस्ट्रेलियाच्या आसपास मोडून कायमचं गेलं. इथे सुहैलीने आपला मूळ स्वभाव दाखवला. एकट्या खलाशाला चोवीस तास सुकाणू धरता येत नाही. झोपावं लागतं, जेवावं लागतं, शिवणटिपण करावी लागते. दुसऱ्या एखाद्या चपळ नावेत यंत्र गेलं की शर्यत संपली असती. सुहैलीवर त्यांनी शिडं कमीजास्त करून पाहिलं, मागच्या छोट्या डोलकाठीवरचं शीड थोडं, पुढचं थोडं, सुकाणूचा दांडा बांधून टाकला, आणि ती लांब कीलच्या जोरावर आपली वाट धरून चालत राहिली. माणूस खाली झोपला. ॲटकिननी चाळीस वर्षांपूर्वी काढलेल्या रेषा आणि नॉर्वेच्या बचाव-नौकांचा धडा अशा एका रात्रीत कामाला आला. १७ जानेवारी १९६९ रोजी तिने केप हॉर्न ओलांडलं.

त्या शर्यतीत आणखीही नावा होत्या, आणि त्यांची शरीरंही त्यांच्या नशिबात बोलली. बर्नार्ड मोआतेसिए यांची ‘जोशुआ’ पोलादी होती. डोलकाठ्या म्हणजे तारायंत्राचे खांब. साधी, कणखर, आणि सुहैलीपेक्षा वेगवान. ती शर्यत सोडून ताहितीला गेली ती खलाशाच्या मनामुळे, नावेच्या शरीरामुळे नाही. नायजेल टेटली यांची ‘व्हिक्ट्रेस’ तीन तळांची, प्लायवुडची, हलकी होती. जगाची प्रदक्षिणा करून ती घराजवळ आली आणि मे १९६९ मध्ये अझोर्स बेटांच्या जवळ फुटून बुडाली. वेगाच्या ताणाने तिचे सांधे सुटत गेले होते. नऊ जण निघाले होते. फाल्मथला परत आली ती फक्त सुहैली. बक्षिसाचे ५ हजार पौंड नॉक्स-जॉन्स्टन यांनी शर्यतीत प्राण गमावलेल्या डोनाल्ड क्रोहर्स्ट यांच्या कुटुंबाला दिले.

तारांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण कीलची गोष्ट रोमांचक असली तरी लहान शिडाच्या नावा बहुतेक वेळा तारांपायीच अपंग होतात. डोलकाठीला धरणारी तार सहसा मध्ये तुटत नाही. ती तुटते टोकाला, जिथे तार धातूच्या नळीत दाबून बसवलेली असते. तिथे पाणी शिरतं, मीठ साचतं, हवा पोचत नाही, आणि स्टेनलेस स्टील बाहेरून चकचकीत राहून आतून फुटत जातं. जुनी जस्ताचा मुलामा दिलेली तार निदान गंजून लाल होते, आपल्याला सांगते. स्टेनलेस सांगत नाही. म्हणून एकोणीस तारांच्या पिळावरून सुती फडकं हळूहळू ओढत जायचं. एक तरी सूक्ष्म तार तुटली असेल तर फडकं तिथे अडकतं. एक अडकलं की ती सगळी तार बदलायची, शिल्लक अठरांवर भरवसा ठेवायचा नाही. डोलकाठीच्या अर्ध्यावरच्या आडव्या काठ्यांचे ब्रॅकेट, तारा ताणणारे स्क्रू, त्यांना अडकवणारी पिन, फळ्यांवर बसवलेल्या पट्ट्या, या साखळीतला कुठलाही एक दुवा गेला की काही सेकंदांत डोलकाठी पाण्यात असते. मुंबई बंदरात लहान होड्यांवर काम करणारे जाणते लोक मोसम सुरू होण्याआधी या प्रत्येक टोकाला बोट लावतात. हे काम कंटाळवाणं दिसतं आणि त्याची बातमी कधी होत नाही, पण शिडाच्या नावेवर माणसं जिवंत राहतात ती याच्यामुळे.

सुहैलीलाही हे सोसावं लागलं. १९८९ साली नॉक्स-जॉन्स्टन तिला घेऊन कोलंबसच्या वाटेने अटलांटिकपार गेले, दिशा ठरवायला आधुनिक उपकरणांऐवजी जुनं ॲस्ट्रोलेब घेऊन. परतीला वादळाने तिची डोलकाठी घेतली. ती पुन्हा उभी केली गेली, आणि १९९१ मध्ये गिर्यारोहक ख्रिस बॉनिंग्टन यांना घेऊन सुहैली ग्रीनलंडच्या बर्फात गेली. कुलाब्याच्या उकाड्यात तासलेलं साग आता हिमनगांच्या मधून चाललं होतं.

यानंतर तिचा मान झाला, आणि त्या मानाने तिला जवळजवळ संपवलं. १९९७ मध्ये तिला ग्रीनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात ठेवण्यात आलं. छताखाली, स्वच्छ, नियंत्रित हवेत. कागदपत्रांसाठी, चित्रांसाठी ती हवा उत्तम असेल. लाकडी नाव मात्र पाण्यात राहण्यासाठीच बांधलेली असते. तिच्या फळ्या ओल्या राहून फुगतात तेव्हाच सांधे मिटतात. कोरड्या हवेत सागही आकसू लागला, फळ्यांमधल्या फटी रुंदावू लागल्या. जे दक्षिण महासागराला जमलं नव्हतं ते काम चांगल्या हेतूने केलेलं जतन करत होतं. २००२ मध्ये नॉक्स-जॉन्स्टननी तिला तिथून बाहेर काढलं. मला हा निर्णय तिच्या सगळ्या प्रवासांइतकाच मोठा वाटतो. वस्तू जपायची म्हणजे तिला काम देत राहायचं, हे ज्याने तिच्यासोबत आयुष्य घालवलं त्यालाच स्पष्ट दिसलं.

मग लांबलेली दुरुस्ती सुरू झाली. आता मुंबईच्या लोखंडाची मुदत संपली होती. फळ्या बरगड्यांना धरून ठेवणारे लोखंडी खिळे गंजून बारीक झाले होते. एकेक काढायचा, भोक साफ करायचं, तिथे ब्राँझचा नवा बसवायचा. एक काढला की दुसरा, संख्या शेकड्यांत. शिवाय हे सगळं एकदम करता येत नाही. सगळे काढले तर नावेचा आकारच सुटेल. थोडे काढायचे, थोडे बसवायचे, नाव आपल्या रेषेत राहिली आहे ना हे पाहत पुढे जायचं.

अशा नावांत कीलचे बोल्ट ही आणखी वेगळी काळजी. खालचं वजन ज्या लांब बोल्टनी वरच्या लाकडाला टांगलेलं असतं, ते बाहेरून दिसतच नाहीत. वरची नट स्वच्छ असते, खालचं टोकही ठीक असतं, आणि मधोमध, जिथे लाकूड आणि धातू यांच्या जोडावर पाणी मुरत राहतं, तिथे बोल्ट झिजून डमरूसारखा कमरेत बारीक झालेला असतो. त्यामुळे नुसतं पाहून काही कळत नाही, एखादा बोल्ट प्रत्यक्ष काढूनच पाहावा लागतो. तो नवा बसवतानाही कुठला धातू कुणाशेजारी येतो याचा विचार हवा. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात लोखंड आणि ब्राँझ एकमेकांना टेकले की लोखंड खाल्लं जातं. अधिक चांगला धातू घातला म्हणून नाव अधिक चांगली होतेच असं नाही. तो शेजारच्यांना मानवला पाहिजे. साहित्याच्या दुकानात गेल्यावर हे भान सुटतं. नवी चकचकीत वस्तू दिसते, तिच्या खोक्यावर ताकदीचा आकडा असतो, आणि नावेच्या बाकी शरीराचा विचार मागे पडतो.

२०१६ मध्ये सुहैली पुन्हा पाण्यात उतरली. दोन वर्षांनी, १४ जून २०१८ रोजी, तिच्या पहिल्या प्रस्थानाला पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, फाल्मथच्या समुद्रात शिडांच्या मिरवणुकीत ती पुढे होती आणि सुकाणूवर नॉक्स-जॉन्स्टनच होते, वय ७९.

त्याच उन्हाळ्यात तिच्या प्रवासाच्या स्मरणार्थ नवी गोल्डन ग्लोब शर्यत निघाली. नियम तिच्याच शरीरावरून घेतलेले: लांबी ३२ ते ३६ फूट, आराखडा १९८८ पूर्वीचा, लांब कील आणि तिच्या शेवटाला टांगलेलं सुकाणू. उपग्रहावरून दिशा शोधायची नाही. अठरा जण निघाले, पाच नावांच्या डोलकाठ्या मोडल्या, पाच जणांनी शर्यत पूर्ण केली. जिंकले ते फ्रान्सचे जाँ-लुक व्हान देन हीद, वयाच्या ७३ व्या वर्षी. पॅसिफिकमध्ये एका लाटेने त्यांची नाव आडवी पाडली तेव्हा तारा धरणारा बोल्ट डोलकाठीत फाडत खाली सरकला होता. ते खवळलेल्या समुद्रात पुन्हा पुन्हा डोलकाठीवर चढले, तो जोड दोरांनी आवळून बांधला, आणि उरलेली शर्यत डोलकाठीवर कमी ताण येईल अशी नाव चालवून पुरी केली. सुहैलीच्या कॅनव्हासच्या पट्टीशी या दोरांचं नातं मला सरळ दिसतं.

आपल्याकडून त्या शर्यतीत नौदलाचे अभिलाष टॉमी होते. त्यांची ‘थुरिया’ ही सुहैलीची प्रतिकृती, गोव्यात बांधलेली. ॲटकिनच्या त्याच रेषा, तीच लांब कील. २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरात प्रचंड लाटांनी तिला उलथवलं. डोलकाठ्या गेल्या, तारांची जाळी अंगावर लोंबत राहिली, टॉमींच्या पाठीच्या मणक्याला इतकी गंभीर दुखापत झाली की त्यांना उठता येईना. शिडं उरली नव्हती, दुरुस्ती करायला उभा राहू शकेल असा माणूस उरला नव्हता. पण कील शाबूत होती. तिने थुरियाला पुन्हा सरळ केलं आणि सरळच ठेवलं. आत बिछान्यावर पडलेल्या टॉमींना घेऊन ती त्या समुद्रात तरंगत राहिली, २४ सप्टेंबरला ‘ओसिरिस’ ही फ्रेंच नौका त्यांच्यापर्यंत पोचेपर्यंत.